शीत कुठल्या कोपऱ्यातलं? औषधांच्या चाचण्या आणि बाहेर राहिलेली माणसं

बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते छोटं यंत्र आठवतंय? कोविडच्या काळात ते घराघरांत पोहोचलं. पल्स ऑक्सिमीटर. बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडायचे, पलीकडे किती पोहोचला ते मोजायचं आणि त्यावरून रक्तात ऑक्सिजन किती आहे याचा अंदाज बांधायचा, अशी त्याची रीत. आकडा ९४ च्या वर दिसला की घरच्यांच्या जिवात जीव यायचा.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक छोटासा अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णालयातल्या रुग्णांचे या यंत्राने दाखवलेले आकडे आणि धमनीतून रक्त काढून मोजलेले खरे आकडे त्यांनी शेजारी-शेजारी मांडले होते. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवतंय, पण प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेलाय, असं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजण्यांत आढळलं. कृष्णवर्णीय रुग्णांत हेच प्रमाण ११.७ टक्के होतं. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन प्रकाश शोषतं ही काही नवी माहिती नव्हे. मग यंत्र तपासताना हे नीट का पाहिलं गेलं नाही? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, २०१३ ची सूचना अशी होती की यंत्र किमान १० जणांवर तपासावं आणि त्यात गडद वर्णाचे किमान २ जण किंवा १५ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढे, असावेत. म्हणजे दोघं जण भेटले की अट पूर्ण. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात एकूण संख्या १५० किंवा त्याहून जास्त असावी आणि त्यात त्वचेच्या सगळ्या छटा याव्यात, असं सुचवलं गेलं.

हाच प्रश्न औषधांनाही लागू आहे आणि त्यावरून सध्या वादही सुरू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की मोठ्या चाचण्या करणाऱ्यांनी आपल्या चाचणीत वेगवेगळ्या गटांतली माणसं कशी येतील, याचा आराखडा आधीच द्यावा. त्याच्या अंमलबजावणीचा मसुदा जून २०२४ मध्ये आला, जानेवारी २०२५ मध्ये सरकारी संकेतस्थळावरून काढला गेला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर परत ठेवला गेला. या ओढाताणीच्या बातम्या वाचताना सामान्य वाचकाला वाटतं, हा राजकारणाचा विषय असावा. मला तो आधी औषधशास्त्राचा आणि मग न्यायाचा विषय वाटतो. का, ते पायरीपायरीने पाहू.

आधी चार शब्द समजून घेऊ

नवं औषध किंवा लस माणसांना देऊन ते सुरक्षित आहे का आणि उपयोगी पडतं का, हे ठरलेल्या नियमांनुसार पाहणं म्हणजे क्लिनिकल ट्रायल. आपण तिला चाचणी म्हणू. पहिल्या टप्प्यात काही डझन माणसं, दुसऱ्यात काहीशे आणि तिसऱ्यात बहुधा हजारांच्या घरात. तिसऱ्या टप्प्यात सहसा चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निव्वळ योगायोगाने ठरतं की कुणाला नवं औषध मिळेल आणि कुणाला जुनं. जुना उपचारच नसेल तर काही जणांना प्लॅसिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळते. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, किती वेळा तपासायचं, हे सगळं लिहिलेली नियमावली म्हणजे प्रोटोकॉल. आणि ही माणसं ज्या ठिकाणी येतात, तपासली जातात, औषध घेऊन जातात, ते संशोधन केंद्र. पुढचा सगळा लेख या शेवटच्या शब्दाभोवती फिरणार आहे, कारण केंद्र कुठे आहे यावर बऱ्याचदा ठरतं की चाचणीत कोण असेल.

शितावरून भाताची परीक्षा

ही म्हण खरी आहे, पण एका अटीवर. भात सगळीकडे सारखा शिजलेला असला पाहिजे. वरचं शीत मऊ लागलं म्हणून तळाचा भात शिजलाच आहे असं नाही. चाचणी म्हणजे हेच शीत काढणं आहे. काही हजार माणसांना पाहून कोट्यवधींबद्दल बोलायचं. तर मग शीत भांड्याच्या एकाच कोपऱ्यातून काढून कसं चालेल?

एफडीएने २०२० मध्ये ५३ नवी औषधं मंजूर केली. त्यांच्या चाचण्यांत मिळून सुमारे ३२,००० माणसं होती. त्यातली ७५ टक्के गोरी, ८ टक्के कृष्णवर्णीय, ६ टक्के आशियाई. आणि चाचण्यांपुरतंच हे नाही. जनुकं आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या जगभरच्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये घेतला गेला, तेव्हा त्यातले ७८ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे निघाले.

फरक पडतो तो तीन प्रकारांनी. पहिला शरीराचा. झोल्पिडेम हे झोपेचं औषध अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झालं. बायकांच्या शरीरातून ते पुरुषांपेक्षा हळू बाहेर पडतं. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी गाडी चालवतानाही उरू शकतो. बायकांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायची सूचना निघाली जानेवारी २०१३ मध्ये. मधली वीस वर्षं कितीतरी जणी पुरुषाच्या मापाची गोळी घेत होत्या. त्यामागे इतिहासही आहे: १९७७ ते १९९३ या काळात एफडीएच्या सूचनेनुसार मूल होऊ शकण्याच्या वयातल्या बहुतेक बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवलं जाई. हेतू त्यांच्या संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की त्यांच्याबद्दल कुणाला काही माहीतच नव्हतं.

कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध १९६० च्या दशकापासून वापरात आहे. क्वचित कुणाला त्याने भयंकर प्रतिक्रिया येते, कातडी भाजल्यासारखी सोलवटून निघते, जीवही जातो. तैवानमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये अशा ४४ रुग्णांची तपासणी केली. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणांत एकच जनुकीय खूण सापडली. ती पूर्व आणि आग्नेय आशियातल्या अनेक समाजांत बऱ्यापैकी आढळते, युरोपीय वंशाच्या लोकांत जवळजवळ नसते. मग तैवानमध्येच सुमारे ४,९०० जणांची औषधाआधी रक्ततपासणी करून, खूण असलेल्यांना दुसरं औषध दिलं गेलं. पूर्वीच्या अनुभवावरून साधारण १० जणांना ती प्रतिक्रिया यायला हवी होती. एकालाही आली नाही. योग्य ठिकाणी बसलेल्या माणसांनी योग्य रुग्णांकडे पाहिलं की काय होतं, ते इथे दिसतं.

दुसरा फरक परिस्थितीचा. लहान मुलांच्या जुलाबांवरची रोटाव्हायरसची तोंडी लस लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत गंभीर आजारापासून ८५ टक्के संरक्षण देत होती. तीच लस दक्षिण आफ्रिकेत ७७ टक्के आणि मलावीत ४९ टक्के उपयोगी पडली. कारणांत आतड्यांतले इतर संसर्ग, कुपोषण, आईच्या दुधातून आणि गर्भात मिळालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) अशा गोष्टींचा विचार होतो. तरीही मलावीत ही लस फार मोलाची ठरली, कारण तिथे हा आजार इतका जास्त होता की ४९ टक्क्यांनीही पुष्कळ मुलं वाचणार होती. हे कळलं कारण चाचणी तिथे झाली.

तिसरा फरक उपचार जिथे होतो त्या जागेचा, आणि याचं उदाहरण मला अजूनही अस्वस्थ करतं. तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं, रक्ताभिसरण मंदावलेलं मूल आलं की सलाइन वेगाने सोडायचं, हे श्रीमंत देशांतल्या अतिदक्षता विभागांतलं ठरलेलं तंत्र. ते पाठ्यपुस्तकांत गेलं आणि जगभर शिकवलं गेलं. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या साध्या रुग्णालयांत, जिथे व्हेंटिलेटर नाही, अशी ३,१४१ मुलं घेऊन हे तंत्र प्रथमच नीट तपासलं गेलं. सगळ्यांची अपेक्षा होती की वेगाने सलाइन दिलेली मुलं जास्त वाचतील. ४८ तासांत त्यांच्यातली साडेदहा टक्के दगावली. हळू सलाइन दिलेल्यांत हे प्रमाण ७.३ टक्के होतं. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. डॉक्टरांनी मनापासून केलेला उपचार त्या जागी मुलांना अपाय करत होता, आणि तोवर ते कुणी तपासलंच नव्हतं.

म्हणून मला वाटतं, ‘चाचणीत घेतलं नाही म्हणजे सुरक्षित ठेवलं’ हा समजच चुकीचा आहे. जो माणूस चाचणीत नसतो त्याच्यावरही औषधाची परीक्षा होतेच. ती औषध बाजारात आल्यावर होते, आणि तेव्हा वही घेऊन शेजारी कुणी बसलेलं नसतं.

माणसं नेमकी गळतात कुठे?

‘हे लोक येतच नाहीत’, ‘त्यांना संशोधनाचं महत्त्व कळत नाही’ असं सर्रास म्हटलं जातं. जरा जवळून पाहू.

एक बाई डोळ्यासमोर आणा. वय ५२, मधुमेह, रोजंदारीवर साफसफाईचं काम. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधुमेहाच्या नव्या औषधाची चाचणी आहे, तुम्ही बसता त्यात. ती हो म्हणाली. केंद्र दोन तासांवर, मोठ्या रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावर. वेळ सोमवार ते शुक्रवार, नऊ ते चार. रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणून पहाटेची बस, पोटात फक्त पाणी. पोहोचल्यावर पहिलं रक्त, मग गोड द्रावण प्यायचं, मग अर्ध्या तासाने, एका तासाने, दोन तासांनी पुन्हा रक्त. मध्ये उठून जायचं नाही. दुपारी सुटका, परतीची बस, घरी पोहोचेपर्यंत अंधार. त्या दिवसाची मजुरी गेली. अशा नऊ व्हिजिट, सहा महिन्यांत. तिसऱ्या खेपेला मुकादमाने विचारलं, रोज रोज कसली सुट्टी? चौथ्या खेपेला नातवाला ताप आला आणि सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. पाचव्या खेपेची वेळ टळून गेली. केंद्राच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिलं गेलं: ‘स्वतःहून माघार घेतली’.

या बाईची गोष्ट मी रचलेली आहे, पण यातला एकेक अडसर खरा आहे. आणि ती निदान आत तरी आली होती. पुष्कळ जण दारातच अडतात. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं की मूत्रपिंडाचा अमुक आकडा याच्यापेक्षा जास्त नको, दुसरं कुठलं औषध चालू नको, वय इतक्याच्या पुढे नको. यातल्या काही अटी सुरक्षिततेसाठी लागतातच. काही मात्र जुन्या प्रोटोकॉलमधून नव्यात नुसत्या उतरवलेल्या असतात. ज्यांना वेळेवर उपचार मिळाले नाहीत त्यांना एकाऐवजी तीन आजार असतात. म्हणजे ज्या गैरसोयीने आजारी पाडलं, तीच गैरसोय त्यांना चाचणीतूनही बाहेर काढते.

भाषेचा अडसर वेगळाच. वीस पानी संमतीपत्र, त्यात वकिली वाक्यं. समोरच्याला त्या भाषेत हिशेब करता येतो, आजार सांगता येत नाही. कित्येक चाचण्यांत प्रोटोकॉलच्या भाषेत बोलता न येणाऱ्याला सरळ वगळलं जातं, कारण प्रश्नावलीचं भाषांतर करायला वेळ आणि पैसा लागतो.

आणि सर्वात मोठी गळती कुठेच मोजली जात नाही. ज्यांना कुणी विचारलंच नाही, त्यांची.

केंद्र म्हणजे काय असतं?

‘मग प्रत्येक ठिकाणी केंद्र काढा’ असं म्हणणं सोपं आहे. त्याआधी केंद्राच्या आत काय काय लागतं ते पाहायला हवं.

रक्त काढलं की ते ठरलेल्या वेळेत गरागरा फिरवून त्यातला द्रव वेगळा करावा लागतो. मग तो नमुना अनेकदा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जातो. त्या फ्रीजरला वीज गेली तरी चालू राहील अशी सोय लागते आणि तापमान चढलं तर रात्री दोन वाजता कुणाच्या तरी फोनवर घंटा वाजावी लागते. औषधं कुलूपबंद, बहुतेकदा २ ते ८ अंशांत, दिवसातून ठरलेल्या वेळी तापमानाची नोंद. आणीबाणीची ट्रॉली. नियमित तपासून घेतलेला वजनकाटा. कागदपत्रं वर्षानुवर्षं सुरक्षित ठेवायची खोली. बाहेरून येऊन एकेक नोंद पडताळणारे निरीक्षक. आणि एथिक्स कमिटी: ज्यात डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारे आणि सामान्य नागरिकही असतात, आणि जिच्या मंजुरीशिवाय एकाही माणसाला चाचणीत घेता येत नाही.

पण माझ्या मते केंद्राचा खरा कणा एकच: को-ऑर्डिनेटर. सहभागींना फोन करणारी, तारखा सांभाळणारी, ‘काकू, गोळ्या उरल्यात का डब्यात?’ असं विचारणारी व्यक्ती. इमारत बांधायला देणगीदार मिळतात, तिच्यावर नावाची पाटीही लागते. या माणसाच्या पगाराची सोय मात्र एका चाचणीपासून दुसरीपर्यंत लोंबकळत असते. केंद्र वाढवायचं असेल तर पहिला पैसा इथे गेला पाहिजे. त्यातही ही व्यक्ती त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी असली तर अर्धं काम झालं म्हणून समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळं एकाच छताखाली असायची गरज नाही. अवघड यंत्रं, उणे ८० चा फ्रीजर, पहिल्या टप्प्याच्या जोखमीच्या चाचण्या मध्यवर्ती केंद्रात ठेवायच्या. रक्तदाब मोजणं, साधं रक्त काढणं, गोळ्या देणं, विचारपूस ही कामं जवळच्या दवाखान्यात, फिरत्या गाडीत किंवा घरी जाऊन करायची. काही व्हिजिट फोनवर उरकतात. संध्याकाळी आणि रविवारी दार उघडं ठेवलं, तर एकही वीट न लावता केंद्र कितीतरी लोकांच्या जवळ येतं.

हे चालतं का? अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये संशोधकांनी केंद्रच न्हाव्याच्या दुकानांत नेलं. कृष्णवर्णीय पुरुषांत रक्तदाबाचं प्रमाण मोठं, दवाखान्यात जाणं कमी. पण न्हावी ठरलेला, वर्षानुवर्षांचा, विश्वासाचा. ५२ दुकानं, ३१९ पुरुष. निम्म्या दुकानांत प्रशिक्षित औषधतज्ज्ञ येऊन तिथेच रक्तदाब मोजत आणि डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीने औषधं देत. उरलेल्या दुकानांत न्हावी फक्त सल्ला देत, डॉक्टरांकडे जा म्हणत. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला होता, दुसऱ्याचा ९ अंकांनी. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना आपण ‘येतच नाहीत’ म्हणतो, त्यातले बहुतेक सगळे शेवटपर्यंत टिकले होते.

‘पण साध्या दवाखान्यांत संशोधनाचा दर्जा राहील का?’

ही शंका रास्त आहे. नमुना गरम झाला, नोंद चुकली, तर निष्कर्ष फसतो. त्यावर सर्वात ठोस उत्तर ब्रिटनमधून आलं. मार्च २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ ही कोविडवरच्या उपचारांची चाचणी सुरू झाली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे प्रोटोकॉल मुद्दाम सुटसुटीत ठेवला होता: थोडे प्रश्न, छोटे अर्ज, नेहमीच्याच वॉर्डात नेहमीच्याच परिचारिका. म्हणून ती मोजक्या नामवंत संस्थांत न अडकता पावणेदोनशेच्या आसपास रुग्णालयांत चालली. १६ जून २०२० ला तिने सांगितलं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. तीन महिन्यांत जगाला उत्तर मिळालं.

दर्जा इमारतीच्या उंचीत नसतो. प्रश्न नेमका असावा, नोंद कमी पण खरी असावी, आणि ती करणाऱ्याला शिकवलेलं असावं. अर्थात हे सगळ्या चाचण्यांना लागू नाही. माणसाला प्रथमच दिलं जाणारं औषध साध्या दवाखान्यात देऊ नये, तिथे मोठंच केंद्र हवं.

‘यात वेळ आणि पैसा वाया जाणार नाही का?’

वेळ लागतो, हे मान्य करायला हवं. २०२० मध्ये मॉडर्ना कंपनीने ३०,००० जणांच्या लसचाचणीत भरतीचा वेग मुद्दाम कमी केला, कारण अल्पसंख्याक समाजांतले लोक कमी पडत होते. साथ ऐन भरात असताना घेतलेला हा निर्णय सोपा नव्हता. शेवटी सहभागींत अशा समाजांतले लोक ३७ टक्के झाले, आणि लस त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आली.

‘म्हणजे पुन्हा गरिबांवरच प्रयोग?’

सर्वात गंभीर आक्षेप हाच. तो घेणाऱ्याला अडाणी म्हणून उडवून लावणं मला अजिबात मान्य नाही, कारण त्याच्यामागे इतिहास आहे.

अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून सरकारी आरोग्यसेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा इलाज मिळाला, तोही दिला नाही. आजार पुढे काय करतो ते पाहत राहिले, ४० वर्षं. १९७२ मध्ये बातमी फुटली तेव्हा ते थांबलं.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्याच हवासुपाई या मूळनिवासी जमातीचं. १९९० पासून ॲरिझोनातल्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांचं रक्त घेतलं. नमुने फ्रीजरमध्ये राहिले. २००३ मध्ये जमातीतली एक विद्यार्थिनी विद्यापीठात एका प्रबंधाच्या सादरीकरणाला बसली असताना तिला कळलं की तेच रक्त इतर अभ्यासांसाठी वापरलं गेलंय. मानसिक आजार, रक्तातल्या नात्यांतली लग्नं, त्यांचे पूर्वज कुठून आले, असे ते विषय होते. शेवटचा विषय तर त्यांच्या उगमाबद्दलच्या श्रद्धेलाच छेद देणारा. खटला झाला आणि २०१० मध्ये तडजोड झाली. नुकसानभरपाई मिळाली आणि रक्ताचे नमुनेही जमातीला परत मिळाले. माझ्या दृष्टीने त्यातलं दुसरं जास्त मोठं आहे.

दोन्हीकडे माणसं अभ्यासात होती, पण निर्णयात नव्हती. म्हणून केंद्र वस्तीजवळ नेणं पुरेसं नाही. काय शोधायचं, रक्त कुठे जाणार, निकाल आधी कुणाला सांगायचा, हे ठरवताना तिथली माणसं टेबलाशी हवीत. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळनिवासी समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, आस्था. आमच्याकडे यायचं तर आधी आमच्या परिषदेला भेटा, आणि जे सापडेल ते आम्हाला परत येऊन सांगा. माणसांवरचं संशोधन कुठल्या नीतीने करावं हे डॉक्टरांना सांगणारी हेलसिंकी घोषणा १९६४ ची. तिच्या २०२४ च्या सुधारित आवृत्तीतही सहभागी आणि त्यांच्या समाजाला चाचणीच्या आधी, दरम्यान आणि नंतर सोबत घेण्यावर भर आहे.

संमती हाही सहीपुरता मामला नसावा. चांगली को-ऑर्डिनेटर समजावून झाल्यावर उलट विचारते.

‘काकू, आता तुम्ही मला सांगा, या गोळीत काय असेल?’

‘नवं औषध.’

‘प्रत्येकाला?’

‘हो ना, म्हणून तर आले मी.’

इथे सही घेऊन मोकळं होता येतं. पण ती पुन्हा बसते, चिठ्ठ्यांची गोष्ट पुन्हा सांगते, निम्म्या लोकांना जुनीच गोळी मिळेल हे सांगते, आणि काकू नाही म्हणाल्या तरी नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील हेही सांगते. चाचणी म्हणजे आपल्यासाठी खास ठरवलेला उपचार, असं बहुतेकांना वाटतं. तो गैरसमज दूर न करता घेतलेली सही मला सही वाटत नाही.

‘पैसे दिले तर ते आमिष होत नाही का?’

बसभाडं, बुडालेली मजुरी, मूल सांभाळायची सोय हे देणं म्हणजे झालेला खर्च भरून देणं. ते न दिल्यास चाचणी फक्त पगारी सुट्टी असलेल्यांसाठी उरते. जोखीम जितकी जास्त तितके पैसे जास्त, असं गणित मात्र धोक्याचं. गरजू माणूस जीव गहाण टाकेल. त्यावर नजर ठेवणं हे एथिक्स कमिटीचं काम आहे.

‘वंश ही समाजाने ठरवलेली गोष्ट, तिचा औषधाशी काय संबंध?’

हा आक्षेप अभ्यासू लोक घेतात आणि त्यात तथ्य आहे. मूत्रपिंडाचं काम मोजण्याच्या सूत्रात वर्षानुवर्षं ‘रुग्ण कृष्णवर्णीय आहे का’ हे पाहून आकडा वाढवला जाई. त्यामुळे काहींचा आजार कागदावर सौम्य दिसे. २०२१ मध्ये ते सूत्र बदलून वंशाचा निकष काढला गेला. चाचणीत विविध लोक असावेत ते प्रत्येक समाजासाठी वेगळी गोळी काढायला नव्हे. अवघी माणूसजात जेवढी वेगवेगळी आहे तेवढी ती आकड्यांत दिसावी, म्हणून. तसं केलं की कधी कधी सगळ्यांसाठीच काही सापडतं.

डॅलस शहरातल्या हृदयविकाराच्या मोठ्या अभ्यासात संशोधकांनी ठरवून निम्मे सहभागी कृष्णवर्णीय घेतले. फ्रान्समधल्या काही कुटुंबांत पीसीएसके-९ या जनुकाच्या बिघाडाने कोलेस्टेरॉल फार वाढतं, हे २००३ मध्ये कळलं होतं. डॅलसमध्ये उलटं दिसलं: काही कृष्णवर्णीय सहभागींत या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतःच बंद होती आणि त्यांचं कोलेस्टेरॉल बरंच कमी होतं. २००६ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासातून कळलं की अशा लोकांत हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी असतो. मग हे जनुक जे प्रथिन बनवतं, तेच रोखणारी औषधं शोधली गेली आणि २०१५ मध्ये ती बाजारात आली. आज ती सगळ्या वंशांचे रुग्ण घेतात.

चाचणी संपल्यावर

केंद्र सुरू करताना फीत कापली जाते. निधी संपला की ते बंद होतं तेव्हा कुणी बोलावत नाही. दोन वर्षं दर महिन्याला रक्तदाब मोजणारी ताई एके दिवशी दिसेनाशी होते, औषध काम करत होतं की नाही ते कळत नाही आणि पुढच्या वेळी दुसरं कुणी वही घेऊन आलं की दार उघडत नाही. म्हणून चाचणीत औषध गुणकारी ठरलं तर ते सहभागींना पुढे कसं मिळणार, हे सुरुवातीलाच लिहून ठेवावं लागतं. निकाल लोकांच्या भाषेत, तोंडी, त्यांच्याच वस्तीत सांगण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा लागतो. दोन चाचण्यांच्या मधल्या रिकाम्या काळात को-ऑर्डिनेटरचा पगार कोण देणार, याचंही उत्तर हवं.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला कधी चाचणीत यायचं आमंत्रण आलं, तर प्रश्न विचारायला बिचकू नका. ते ऐकून घेणं हे केंद्राचं कामच आहे. एथिक्स कमिटीने मंजुरी दिली आहे का, तिच्याशी संपर्क कसा करायचा? मला नवं औषध मिळण्याची शक्यता किती? त्रास झाला तर मध्यरात्री कुणाला फोन करायचा, आणि खर्च कोणाचा? मध्येच सोडलं तर माझ्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होईल का? माझं रक्त आणखी कशासाठी वापरणार? माझ्यासारखी, माझ्या वयाची, माझ्यासारखे आजार असलेली आणखी किती माणसं या चाचणीत आहेत? आणि निकाल लागला की मला सांगायला कोण येणार आहे, त्यांचं नाव काय?